दुपट्यांची जोडी

११ फेब्रुवारी

चुण्या! या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसत्या चुण्या. शिवायला घेतलं दुपटं आणि हातात आलं सुकलेलं पान. उसवलं. तिसऱ्यांदा.

चूक माझीच. परवा सिस्टरचा फोन आला तेव्हा लगेच हो म्हणून मोकळी झाले. "विचार करून सांगते" म्हणायला काय झालं होतं? सव्वीस वर्षं हॉस्पिटलच्या कपडेघरात काढली. चादरी मोजल्या, अभ्रे मोजले, फाटक्याला ठिगळं लावून घेतली — पण दुसऱ्यांकडून. माझ्या हातात सुई आली की साधं बटणही तिरकं बसतं.

सिस्टर म्हणजे बाळंतपणाच्या वॉर्डातली मोठी सिस्टर. म्हणाली, "ताई, जी बाळं रडतच नाहीत ना, त्यांच्यासाठी काही तरी हवंय. अजून आपण त्यांना जुन्या चादरीच्या तुकड्यात गुंडाळून देतो. मला बघवत नाही. छोटी दुपटी शिवाल? जोडीनं. एक बाळाबरोबर जाईल, एक आईकडे राहील. दोन्ही अगदी सारखी पाहिजेत. तिच्या हातात जे आहे तेच बाळाच्या अंगावर आहे, असं तिला वाटलं पाहिजे."

ते तुकडे कोण फाडायचं, हे तिला ठाऊक आहे. मीच. चादर विरली की मधोमध फाडायची, मग आडवी, मग पुन्हा उभी. आठ तुकडे. कात्रीसुद्धा लागायची नाही.

म्हणून हो म्हटलं.

१३ फेब्रुवारी

पट्टी लावून मोजले. पहिल्या इंचात पाच टाके. दुसऱ्यात नऊ. तिसऱ्यात सहा — त्यातला एक मुंगीएवढा, शेजारचा झुरळाएवढा! मागून पाहिलं तर निम्मे टाके उतरलेच नाहीत. सुई अस्तरापर्यंत पोचलीच नव्हती.

आणि दोरा! सैल सोडला तर वर लोंबतो, बोट अडकेल. ओढला तर कापड गोळा होतं. या दोन्हींच्या मधलं काही असतं की नाही?

ह्यांनी पेपर खाली करून पाहिलं.

"काय चाललंय?"

"शिवतेय."

"हं."

पेपर पुन्हा वर. झालं आमचं बोलणं! अडतीस वर्षांच्या संसारात आता एवढं पुरतं.

१६ फेब्रुवारी

लेकीचा फोन. शिवतेय म्हटल्यावर इतकी हसली की मला रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला.

"आई, तू? अगं, माझ्या शाळेच्या फ्रॉकची बाही तू स्टेपलरने जोडली होतीस!"

खरं आहे. पण एकदाच. आणि घाईत.

"कुणासाठी शिवतेस पण? माझ्याकडून काही बातमी नाही हं अजून!"

म्हटलं, हॉस्पिटलमधल्या बाळांसाठी.

"कसल्या बाळांसाठी?"

"छोट्या."

विषय बदलला. तिला काही माहीत नाही. माहीत असायचं कारणही नाही.

२० फेब्रुवारी

शेवटी गेले गादीवाल्या काकूंकडे. मागच्या गल्लीत राहतात. नवऱ्याचं गाद्यांचं दुकान होतं. ते गेले, दुकान गेलं, काकूंचे हात मात्र अजून थांबलेले नाहीत. पंच्याहत्तरीच्या तरी असतील. खोलीत बसायला जागा नाही — खुर्चीवर गोधडी, पलंगावर गोधडी, दारामागे गोधडी.

माझं दुपटं हातात घेतलं आणि सरळ उलटं केलं. सुलटं पाहिलंच नाही.

"पुढून सगळ्यांचीच बरी दिसतात," म्हणाल्या. मग चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं. "दोऱ्याशी काही भांडण झालंय का तुझं?"

"नाही हो."

"मग कान धरून ओढल्यासारखा ओढतेस कशाला त्याला?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत. मला समोर बसवलं आणि भरतकामाची रिंग हातात दिली. मी कापड रिंगमध्ये अगदी ताणून बसवायची. त्यांनी स्क्रू सैल केला, मधे बोट दाबून दाखवलं. कापड थोडं आत गेलं पाहिजे. ढोल वाजवायचा नाहीये, म्हणाल्या. माझी लांबलचक सुई बाजूला टाकली, पेरभर लांबीची दिली. छोटी सुई, छोटा टाका. दोरा हातभरच — लांब घेतला की गुंता होतो आणि आळशासारखं दिसतं ते वेगळंच. मधल्या बोटात अंगुस्तान, सुई ढकलायला. खालच्या हाताचं बोट कापडाखाली, सुईच्या वाटेवर.

"खाली टोचलं पाहिजे. टोचलं नाही म्हणजे सुई पार गेली नाही. टोचलं की लगेच वर ढकल."

"आणि दोरा किती ओढायचा?"

"ओढायचा नाही. कापडाला टेकला की थांबायचं. मग ओळीवरून अंगठा फिरवायचा, म्हणजे जिथे जास्त झाला असेल तिथून कमी असेल तिथे सरकतो. टेकला की थांब. एवढंच आहे."

"एवढंच?"

"हो. मला चार वर्षं लागली एवढंच शिकायला."

चार वर्षं! मी सिस्टरला महिना सांगून बसलेय.

कुणासाठी शिवतेस, असं त्यांनीही विचारलं. हॉस्पिटलसाठी, म्हटलं. किती मोठं पाहिजे? मी हातांनी दाखवलं. त्यांनी माझ्या दोन हातांमधल्या जागेकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. उठल्या, पेटीतून जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड काढलं आणि माझ्या पिशवीत कोंबलं.

२१ फेब्रुवारी

डाव्या तर्जनीला सात टोचे. सुई पार जातेय!

२६ फेब्रुवारी

पाच ओळी घातल्या, तीन उसवल्या. ओळी वाकड्या. खडूची रेघ हात लागून पुसली जाते आणि मग मी अंदाजाने जाते, तो अंदाज उजवीकडे कलतो.

हे मागे येऊन उभे. बराच वेळ. मग आत गेले आणि कपाटाच्या वरून ती लाकडी टी-पट्टी काढून घेऊन आले. निवृत्त झाल्यापासून तिला हात लावला नव्हता. चौतीस वर्षं नकाशे काढले ह्यांनी — जमिनीचे, रस्त्यांचे, पाइपांचे. सरळ रेघ बघितली की चेहरा निवळतो.

कापड टेबलावर टाचण्यांनी ताणून बसवलं. पेन्सिलीला असं टोक काढलं की माझ्या सुईला लाज वाटावी.

"दोन ओळींत किती?"

"अर्धा इंच."

"किती कापडं?"

"दोन. सारखी."

आखून दिली. रेघ इतकी फिकट की तोंडाजवळ नेल्याशिवाय दिसत नाही, पण सुईला दिसते. दोन्ही कापडं एकावर एक ठेवून उजेडात धरली — रेघेवर रेघ. ह्यांनी "हं" म्हटलं. हे समाधानाचं "हं". अडतीस वर्षांत मला चार-पाच प्रकारचे "हं" ओळखता येतात.

कुणासाठी, हे मात्र विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. आम्ही दोघेही असेच.

५ मार्च

ह्यांनी भिंग काढलं! नकाशातले बारीक आकडे वाचायचं. माझं अर्धं झालेलं दुपटं घेऊन खिडकीशी बसले, कागदावर काही तरी टिपत. मी म्हटलं, परीक्षा चाललीय वाटतं माझी. अर्ध्या तासाने आले.

"सुईवर एका वेळी किती टाके घेतेस?"

"सहा. कधी सात."

"पहिले चार सारखे आहेत. पाचव्यापासून बारीक होत जातात, आणि तिथेच कापड गोळा होतं. प्रत्येक वेळी. चारच घे."

मी वैतागले. म्हटलं, शिवून बघा की तुम्हीच! पण करून पाहिलं. चार टाके, दोरा टेकला की थांब, अंगठा. चार टाके, टेकला, अंगठा.

चुणी नाही! पूर्ण ओळीत एक चुणी नाही!

त्यांना दाखवायला गेले तर झोपले होते खुर्चीतच, भिंग पोटावर.

१० मार्च

पहिली जोडी घेऊन वॉर्डात गेले. छाती काढून गेले म्हणायला हरकत नाही. इंचाला सात टाके, कधी आठ. काकू मागून बघूनही काही बोलल्या नव्हत्या, म्हणजे पास.

सिस्टरने हातात घेतली, गालाला लावून पाहिली. छान आहेत ताई, म्हणाली. आणि मग — "पण फार मोठी आहेत. आणि जड. तुम्ही जगणाऱ्या बाळाच्या मापाने शिवलीत."

मी रिकामी पिशवी उघडून पुढे धरली.

"आणि गाठी. इथे बघा, कडेला हाताला लागतात. या बाळांची कातडी कागदाहून पातळ असते हो. गाठ आत नाही का लपवता येणार?"

येते. काकूंनी दाखवलंय — गाठ हलकेच आत ओढायची, टक् असा आवाज येतो आणि ती दोन कापडांच्या मधे जाऊन बसते. मी कंटाळा केला होता.

"किती मोठं पाहिजे?"

"चौदा इंच. चौदा बाय चौदा."

घरी येऊन वर्तमानपत्राचा चौदा इंचाचा चौकोन कापला आणि टेबलावर ठेवला. दोन्ही हातांचे पंजे पसरून ठेवले तर भरतो.

११ मार्च

हे कधी लिहिलं नव्हतं. कुठेच. आता लिहिते.

छत्तीस वर्षं झाली. आठवा महिना लागला होता. सकाळचे नऊ. खोलीत कुणी रडलं नाही, हे मला आधी कळलं, बाकीचं नंतर. सासूबाई दारात होत्या. म्हणाल्या, "तिला दाखवू नका. बघितलं की विसरणार नाही." वाईट मनाने नाही म्हणाल्या. त्यांना तेच बरं वाटलं. मी बोलायला हवं होतं. नाही बोलले. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. पुन्हा वळले तेव्हा आया काही तरी पांढरं छातीशी धरून बाहेर चालली होती. मी पाहिलं ते एवढंच. आयाची पाठ.

मुलगा की मुलगी, तेही कुणी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. उद्या विचारू, मग घरी गेल्यावर विचारू, मग जरा बरं वाटल्यावर. नंतर विचारणंच विचित्र वाटायला लागलं. कुणी विचारतं का असं, दोन वर्षांनी, भाजी निवडता निवडता?

हे आले ते संध्याकाळी. पलंगाशी उभे राहिले. "बरं वाटतंय?" एवढंच. उजव्या हाताच्या बोटांना शाई होती. ताजी. म्हणजे ऑफिसातून आलेले! मी त्या बोटांकडे बघत राहिले. मनात एकच — आजच्या दिवशीसुद्धा हा माणूस कामावर जाऊ शकला.

कधी बोलून दाखवलं नाही. पण पोटात ठेवलं. तीन वर्षांनी लेक झाली, घर भरलं, हसणं-रुसणं सगळं झालं. माणूस वाईट नाही. कधी आवाज चढवला नाही, कधी काही कमी पडू दिलं नाही. पण जवळ यायला लागले की मला ती शाई दिसायची.

लेक बालवाडीत जायला लागली तेव्हा त्याच हॉस्पिटलात कपडेघरात जागा निघाली. घरापासून जवळ आहे, असं सगळ्यांना सांगितलं. जवळ होतंच. पहिल्याच महिन्यात विरलेल्या चादरी फाडायचं काम आलं. "हे तुकडे कशाला?" विचारलं, तर हाताखालच्या बाईने सांगितलं कशाला.

तेव्हा मला कळलं, आयाच्या हातात ते पांढरं काय होतं.

१२ मार्च

आठ इंच शिवलं. ठेवून दिलं.

१९ मार्च

चौदा इंचाची पहिली जोडी होत आली. दोन्ही सारखी नाहीत. एक चांगलं झालंय, मनापासून सांगते, चांगलं झालंय. दुसरं मात्र मी ते सगळं लिहिलं त्या आठवड्यात शिवलेलं. डावा अर्धा भाग घट्ट. धुवायला काढलेल्या रुमालासारखा आखडलाय. उसवून पुन्हा घालणार आहे. शुक्रवारपर्यंत होईल.

२२ मार्च

झालं नाही. सकाळी दहाला सिस्टरचा फोन.

"ताई, आज आहे एक. आत्ता. जोडी आहे का?"

आहे म्हटलं, पण एक बिघडलंय, उसवायचंय. "वेळ नाही हो ताई. आहे तसं आणा."

रिक्षाने गेले. वॉर्डाच्या दारात सिस्टरच्या हातात दिलं आणि परत फिरणार होते. खोलीचं दार अर्धं उघडं. मी बाहेर भिंतीला टेकून उभी.

पोरगी असेल पंचवीस-सव्वीसची. वेणी सुटलेली. शेजारी खुर्चीत तिचा नवरा, मांडीवर बाळ घेऊन. टॉवेलात होतं. त्याने मान वर केली नाही.

सिस्टरने सांगितलं — हे तुझ्या मुलीसाठी, हे तुझ्यासाठी. दोन्ही सारखी आहेत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सारखी!

पोरीने दोन्ही मांडीवर ठेवली. एकावरून हात फिरवला. मग दुसऱ्यावरून. उलटं केलं. बोट ओळीवरून नेत राहिली, या कडेपासून त्या कडेपर्यंत, मग खालची ओळ. किती वेळ कोण जाणे.

"हे जरा आखडलंय," म्हणाली.

सिस्टर म्हणाली, "हो, हाताने शिवलेलं आहे ना. बदलून—"

"नको. हे मला राहू दे. चांगलं आहे ते तिला घाला."

मग नवऱ्याने मांडीवरची ती पुढे केली आणि दोघांनी मिळून गुंडाळली. आधी पायाकडची बाजू दुमडली, मग डावी, मग उजवी. सिस्टर नुसती बघत होती. मीही.

परतताना कपडेघरासमोरच्या बाकावर बसले. नवीन बाई आली आहे तिथे, मला ओळखत नाही. "कुणाला भेटायचंय का?" म्हणाली. नाही म्हटलं.

२३ मार्च

चहा पिताना ह्यांनी विचारलं. "काल काय झालं? आल्यापासून बोलली नाहीस."

मी सांगितलं. सगळं. ही दुपटी कुणासाठी आहेत तेही, पहिल्यांदाच. ह्यांचा चेहरा हलला नाही. म्हणजे माहीत होतं. चौदा इंचाच्या रेघा आखून देतानाच कळलं असणार. नकाशे काढणारा माणूस, त्याला माप सांगावं लागत नाही.

"बाप होता तिथे?"

"होता. मांडीवर घेऊन बसला होता."

कप खाली ठेवला. आणि माझ्या तोंडून निघून गेलं. छत्तीस वर्षं अडवलेलं, एका वाक्यात —

"तो ऑफिसला गेला नाही."

नळ ठिबकत होता तो ऐकू येत होता.

"मी गेलो होतो," ते म्हणाले.

"हो."

"चार वाजता गेलो."

"चार?"

उठले. चपला घातल्या आणि बाहेर पडले. दोन तासांनी आले, भाजी घेऊन.

नऊला बाळ झालं. चारला ऑफिस. मधले सात तास कुठे होते? माझ्या डोक्यातच कधी आलं नाही. मी त्यांची बोटं पाहिली आणि बाकी सगळं स्वतःच ठरवून टाकलं.

२४ मार्च

त्यांनी पेन्सिलीला टोक काढलं, रेघा मात्र आखल्या नाहीत. मी जुन्याच रेघांवर शिवत बसले. संध्याकाळी मोजले — इंचाला आठ, आठ, आठ. दोन्ही बाजूंनी. आनंद झाला नाही.

२६ मार्च

दुपारी मी खिडकीशी शिवत होते. त्यांनी खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी ठेवली. समोर नाही, शेजारी. दोघांची तोंडं रस्त्याकडे.

"मुलगी होती," म्हणाले.

माझी सुई अर्ध्यात. तशीच धरून राहिले.

तुटक तुटक सांगितलं. मधेच थांबत होते, मी काही बोलले नाही, नाही तर परत गप्प झाले असते. आयाने तिला मागच्या खोलीत टेबलावर ठेवलं आणि ह्यांना सांगितलं, थांबा, कागद येतील. कागद आले नाहीत. "तासभर मी दाराशी उभा. ती टेबलावर एकटी. मग मला राहवेना. उचलली."

"किती वेळ?"

"एक-दीड वाजेपर्यंत, कागद येईतो. मांडीवर."

"उघडून पाहिलंत?"

"हो. कपाळ तुझं. केस होते, ओले. आणि नखं होती गं. मला वाटलं नव्हतं नखं असतील."

मग ते आणि हॉस्पिटलचा एक माणूस, दोघेच गेले. शहराच्या टोकाला, लहान बाळांना पुरतात तिथे, कुंपणाच्या आत. वर काही खूण ठेवायला नाही म्हणाले तिथले लोक. ह्यांना भीती वाटली. जागा विसरेन, गवत वाढेल, मग कुठे शोधणार? म्हणून पावलांनी मोजलं. कोपऱ्यातल्या खांबापासून अकरा पावलं, मग डावीकडे चार. आणि ते आकडे घोकत घोकत थेट ऑफिसात गेले, कारण कागद आणि शाई तिथे होती. टेबलाशी बसून नकाशा काढला. मापात. खांब, कुंपण, झाड, जागा.

"आणि मग तुझ्याकडे आलो. तू माझ्या बोटांकडे बघत होतीस. मला वाटलं, तुला कळलं."

शेवटी एवढंच आलं — "सांगितलं का नाहीत?"

"आई म्हणाली, तिच्यापुढे विषय काढू नकोस. आणि तू भिंतीकडे तोंड केलं होतंस. मला वाटलं, तुला नकोय." थांबले. "तू विचारशील म्हणून वाट बघत होतो."

"मी तुम्ही सांगाल म्हणून."

ह्यांनी चष्मा काढला. पुसायला कापड शोधत होते. मी मांडीवरचं दुपटं पुढे केलं. सुई टोचेल, म्हणाले. मग मी दोरा तोडला, सुई काढली आणि पुन्हा पुढे केलं.

जागा अजून आहे. दर वर्षी त्याच तारखेला जातात. मी कामावर गेले की निघायचे, आणि मी यायच्या आत घरी. सव्वीस वर्षं त्या दिवशी मी चादरी मोजत होते आणि हे तिथे उभे होते.

२७ मार्च

लेकीला फोन केला. हे शेजारीच बसले होते. सरळच सांगितलं — तुझ्याआधी आम्हाला एक मुलगी झाली होती.

पलीकडे टीव्ही चालू होता तो बंद झाला. मग म्हणाली, "म्हणजे मला ताई होती?"

"हो."

"नाव काय होतं तिचं?"

मी म्हणणार होते, नाव कुठलं गं ठेवायला — तेवढ्यात ह्यांनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला आणि सांगितलं.

मीही आजच ऐकलं.